२५० ओहमचे हेडफोन, संवेदनशील आयईएम आणि एकच पोर्टेबल अ‍ॅम्प: गेन, सळसळ, भुणभुण

अर्धमात्रा:

नमस्कार मंडळी. फोनला हेडफोनचा जॅक नाही. त्यामुळे यूएसबी-सी डोंगल (फोनच्या डिजिटल सिग्नलचा हेडफोनसाठी ऑडिओ बनवणारी छोटी जोडणी), त्याला दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली वीतभर केबल आणि पुढे बॅटरीवर चालणारा पोर्टेबल अ‍ॅम्प, अशी जोडणी आहे. डोंगलचं कमाल आउटपुट १ व्होल्ट. अ‍ॅम्पला गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा) खटका आहे, लो म्हणजे १ पट, हाय म्हणजे ४ पट. अ‍ॅम्पचं कमाल आउटपुट ३ व्होल्ट. आउटपुट इम्पीडन्स (आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत रोध, ओहममध्ये) माहितीपत्रकात कुठेच दिलेला नाही.

ऐकायला दोन गोष्टी: बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो (२५० ओहम, ९६ डीबी प्रति मिलिवॅट) आणि दर कानाला चार बॅलन्स्ड आर्मेचर (सूक्ष्म ड्रायव्हर) असलेले आयईएम, म्हणजे कानाच्या आत बसणारे इअरफोन (१६ ओहम, ११० डीबी प्रति मिलिवॅट).

प्रश्न असे:

१. डीटी ९९० थेट डोंगलला लावले तर सिनेमाची गाणी पुरेशी मोठी वाजतात, पण शास्त्रीय गायनाचं रेकॉर्डिंग लावलं की फोनचा आवाज पूर्ण चढवूनही कमीच. अ‍ॅम्प लो गेनवर मध्ये घातला तरी तेवढाच. मग अ‍ॅम्पने केलं काय?

२. आयईएमवर हाय गेनला गाणं थांबवलं तरी सळसळ ऐकू येते. शिवाय नॉब अगदी खाली असताना डावा कान हलका वाटतो.

३. ऐकता ऐकता चार्जिंगला लावलं की भुणभुण सुरू.

४. फोनचा आवाज किती ठेवायचा आणि अ‍ॅम्पचा किती?


कानसेन:

१ आणि ४ मी घेतो. आधी थोडं गणित, कारण ते केलं की निम्मे प्रश्न गळून पडतात.

तुमच्या डीटी ९९०ला १ मिलिवॅट म्हणजे २५० ओहमवर ०.५ व्होल्ट. त्यावर ९६ डीबी. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डीबी वाढतात, म्हणजे १ व्होल्टला १०२ डीबी. डोंगलचा पूर्ण आवाज म्हणजे एवढंच, आणि हा आकडा रेकॉर्डिंगमधल्या सर्वात उंच शिखराचा आहे, सरासरीचा नाही. हल्लीच्या दाबून मास्टर केलेल्या गाण्यांची सरासरी शिखरापेक्षा ८-१० डीबी खाली असते, म्हणजे ९२ डीबीच्या आसपास. हे मोठंच झालं. पण संथ आलापीची सरासरी शिखरापेक्षा २०-२५ डीबी खाली सहज जाते. ती तुम्हाला ८० किंवा त्याखाली मिळते. डोंगल बिघडलेला नाही, त्याच्याकडे व्होल्ट नाहीत.

लो गेन १ पट असेल तर १ व्होल्ट आत, १ व्होल्ट बाहेर. अशा वेळी अ‍ॅम्प फक्त करंट वाढवून देऊ शकतो आणि २५० ओहमच्या हेडफोनला करंट नकोच आहे. ११० डीबीच्या शिखरासाठी त्यांना २५ मिलिवॅट लागतात, म्हणजे २.५ व्होल्ट आणि जेमतेम १० मिलिअँपिअर. याच्या उलट प्लॅनर (सपाट पडद्याचे) हेडफोन. ३७ ओहम आणि ९४ डीबी प्रति मिलिवॅटचा प्लॅनर घेतला तर त्याच ११० डीबीसाठी ४० मिलिवॅट, म्हणजे १.२ व्होल्टच पण ३३ मिलिअँपिअर. तुमच्या आयईएमला ११० डीबीसाठी ०.१२६ व्होल्ट आणि ८ मिलिअँपिअर पुरतात. एकाला व्होल्ट हवेत, दुसऱ्याला अँपिअर, तिसऱ्याला यातलं काहीच नको. ‘२५० ओहम म्हणजे चालवायला जड’ असं सरसकट म्हणतात ते म्हणूनच अर्धवट आहे. ओहमच्या शेजारी संवेदनशीलतेचा आकडा नसेल तर त्यातून काही कळत नाही. संवेदनशीलता वाचतानाही प्रति मिलिवॅट आहे की प्रति व्होल्ट ते बघा. सेनहायझरच्या एचडी ६५०ला १०३ डीबी लिहिलेलं असतं, ते १ व्होल्टला. तुमच्या डीटी ९९०चे १ व्होल्टला १०२. दोन्ही जवळपास सारखेच. नुसते ९६ आणि १०३ बघणाऱ्याला मात्र ७ डीबींचा फरक दिसतो, जो नाहीच.

तेव्हा डीटी ९९०साठी हाय गेन. १ व्होल्टला ४ पट म्हणजे ४ व्होल्ट, पण अ‍ॅम्प ३ लाच थांबतो. ३ व्होल्ट म्हणजे साडेनऊ डीबी जास्त, शिखर साधारण १११ वर. त्यापुढे नॉब फिरवलात तर आवाज वाढत नाही, शिखरं कापली जातात आणि तबल्याची थाप फाटते. फोन पूर्ण चढवलेला असेल तर नॉबचा शेवटचा भाग वापरायचा नाही, इतकं लक्षात ठेवा.

चौथ्याचं उत्तर: डीटी ९९०साठी फोन शंभर टक्के, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो अ‍ॅम्पच्या नॉबने. डोंगलवर अ‍ॅम्पच्या इनपुटचा बोजा हलका, साधारण १० किलोओहमचा किंवा त्याहून जास्त ओहमचा असतो, त्यामुळे पूर्ण आवाजालाही तो फाटत नाही. सिग्नल आधीच मोठा असला की पुढच्या अ‍ॅम्पचा स्वतःचा गोंगाट त्याच्या तुलनेत लहान राहतो. एक गोष्ट मात्र तपासा: काही अँड्रॉइड फोनांत ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिटर’ चालू असतो. पट्टी पूर्ण दिसते, पण आत कमाल मर्यादा लावलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

एक इशारा. ३ व्होल्ट हाताशी आहेत म्हणून सरासरी ९५ डीबीवर तासन्‌तास ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डीबी अशी आहे. दर ३ डीबींना हा वेळ निम्मा होतो.


सोल्डर_आणि_शिसं:

दुसऱ्या प्रश्नाकडे. सळसळ कुठून येते ते आधी ठरवा, त्याशिवाय उपाय करण्यात अर्थ नाही. गाणं थांबवा, आयईएम कानात ठेवा आणि नॉब पूर्ण खाली न्या. सळसळ तशीच राहिली तर ती अ‍ॅम्पच्या आउटपुट भागाची. नॉब वर नेताना वाढत गेली तर ती डोंगलकडून येते आहे, किंवा इनपुटच्या केबलमधून.

बहुधा पहिलंच निघेल. समजा अ‍ॅम्पचा गोंगाट १० मायक्रोव्होल्ट आहे. आयईएमला ०.१२६ व्होल्टवर ११० डीबी, १० मायक्रोव्होल्ट त्याच्या ८२ डीबी खाली, म्हणजे २८ डीबी. रात्रीच्या शांत खोलीत हे स्पष्ट ऐकू येतं. हाच गोंगाट डीटी ९९०ला २ डीबी पडतो, म्हणजे काहीच नाही. अ‍ॅम्प एकच, पण एका हेडफोनवर ‘गोंगाट करणारा’ आणि दुसऱ्यावर ‘काळाकुट्ट शांत’ ठरतो तो असा.

डावा कान हलका होण्याचं कारण नॉबखालचा पोटेन्शिओमीटर. एकाच दांड्यावर दोन कार्बनचे पट्टे असतात, डाव्याचा एक आणि उजव्याचा एक. मधल्या भागात ते जुळतात, अगदी तळाशी जुळत नाहीत. स्वस्तातल्यात तिथे कित्येक डीबींचा फरक सापडतो. उपाय म्हणजे तळाशी ऐकायचंच नाही: गेन लो करा आणि फोनचा आवाज ३०-४० टक्क्यांवर आणा, म्हणजे नॉब १०-११ वाजल्याच्या जागी येईल. कानसेन यांनी सांगितलेल्याच्या हे बरोबर उलट आहे, पण तो नियम जड हेडफोनांचा. २४ बिटच्या डोंगलमध्ये २० डीबी डिजिटल कपात केली तरी कानाला काही कमी पडत नाही.

एवढं करूनही सळसळ उरली तर छोटा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी जोडणी) बनवा. प्रत्येक चॅनेलला २२ ओहम मालिकेत आणि त्यानंतर २.२ ओहम आयईएमला समांतर, म्हणजे सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये. सर्व मेटल फिल्म, अर्ध्या वॅटचे, एकूण चार. १६ ओहमच्या आयईएमवर साधारण २२ डीबी कपात होते, गोंगाटही तेवढाच खाली जातो आणि आयईएमला दिसणारा स्रोताचा इम्पीडन्स २ ओहमच राहतो. बाजारात मिळणारे नुसते ७५ ओहम मालिकेत घालणारे अ‍ॅडॉप्टर इथे लावू नका. बॅलन्स्ड आर्मेचरचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार खूप खालीवर होतो आणि ७५ ओहम मध्ये आले की आवाजाचा रंगच पालटतो.

तोच मुद्दा अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सला लागू आहे. समजा आयईएम एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसरीकडे ४० ओहम आहे. स्रोत १० ओहमचा असेल तर ८ ओहमच्या जागी सिग्नल ७ डीबी पडतो आणि ४० ओहमच्या जागी १.९. पाच डीबींचा तिरपा उतार फुकटात मिळाला. स्रोत अर्धा ओहमचा असेल तर फरक ०.४ डीबी. म्हणून हेडफोनच्या किमान इम्पीडन्सच्या आठव्या भागाखाली स्रोत असावा असा ढोबळ नियम आहे. कागदावर दिलेला नाही ना? मग मोजा.

मोजायची रीत: ६० हर्ट्‌झचा सलग सूर वाजवा (साधे मल्टीमीटर ४०० हर्ट्‌झच्या पुढे खोटं सांगू लागतात). हेडफोन काढा, अ‍ॅम्पच्या आउटपुटला मीटर लावून नॉब फिरवा आणि बरोबर ०.२०० व्होल्ट आणा. आता नॉबला हात न लावता त्याच जागी ३३ ओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा वाचा. पहिला आकडा भागिले दुसरा, वजा १, गुणिले ३३. उत्तर ओहममध्ये. ज्या मीटरची एसीची सर्वात खालची पट्टी २०० व्होल्टची आहे तो इथे कामाचा नाही, २ व्होल्टची किंवा मिलिव्होल्टची पट्टी हवी.


खटका:

३ बद्दल. भुणभुण कशी आहे ते सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, कारण तीन वेगळे आजार एकाच नावाने ओळखले जातात.

खालच्या सुरातला सलग ‘हं’ असेल तर ग्राउंड लूप. अ‍ॅम्प आणि फोन दोन्ही एकाच चार्जरला किंवा लॅपटॉपला लावलेत की त्यांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाते: एकदा यूएसबीच्या तारेतून, एकदा ३.५ मिमीच्या केबलमधून. चार्जिंगचा करंट ऑडिओच्या ग्राउंडमधून वाट काढतो. बारीक शिट्टी किंवा पाल चुकचुकल्यासारखा आवाज येत असेल आणि फोनची स्क्रीन हलवली की तो बदलत असेल, तर चार्जरच्या आतला स्विचिंग गोंगाट. दोन्हीवर खात्रीचा उपाय एकच, ऐकताना चार्जिंग नाही. अगदीच गरज असेल तर दोघांपैकी एकालाच चार्ज करा, तेही स्वतंत्र पॉवर बँकेवरून. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी मध्ये घालून लूप तुटतो खरा, पण लहान ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खातो.

तिसरा प्रकार ‘टर्र-टक-टक-टर्र’. हा चार्जिंग नसतानाही येतो. फोन टूजीवर गेला की दर सेकंदाला २१७ वेळा झटक्याने प्रक्षेपण करतो आणि रबर बँडने फोनला चिकटवलेला अ‍ॅम्प ते झटके उचलतो. एअरप्लेन मोड लावून बघा. बंद झालं तर निदान पक्कं. अ‍ॅम्प फोनच्या अँटेनाच्या टोकापासून सरकवा, केबल छोटी आणि शिल्डवाली घ्या.

केबलचाच अजून एक घोटाळा सांगून ठेवतो, कारण त्यावर हमखास नवा धागा निघतो. गायकाचा आवाज गायब, नुसतं संगीत आणि विहिरीतून आल्यासारखा प्रतिध्वनी, असं झालं तर अ‍ॅम्प उघडू नका. पिन पूर्ण आत गेलेली नाही, ग्राउंड तुटलंय. ग्राउंड नसलं की दोन्ही कानांना डावा वजा उजवा एवढंच ऐकू येतं, आणि मधोमध ठेवलेला गायक या वजाबाकीत नाहीसा होतो. फोनच्या जाड कव्हरमुळे पिन एखादा मिलिमीटर बाहेर राहते, किंवा माइकवाली चार कड्यांची पिन तीन कड्यांच्या जॅकमध्ये नीट बसत नाही. डोंगल आणि अ‍ॅम्प यांच्यामधली केबल नेहमी तीन कड्यांचीच घ्यावी.

बॅटरी उतरली की आवाज हळूहळू कमी होतो हा गैरसमज आहे. साध्या ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या अ‍ॅम्पमध्ये आवाज तेवढाच राहतो, पण वरची मर्यादा खाली येते आणि आधी मोठ्या जागा फाटायला लागतात. लिथियमवाला अ‍ॅम्प महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर पूर्ण भरून ठेवू नका, ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पाठीमागचं झाकण फुगीर दिसलं तर तो वापरणं आणि चार्ज करणं तिथेच थांबवा.


तानपुरा_चालू:

आकडे सगळे मान्य. पण अ‍ॅम्प लावला की आवाज मोकळा होतो, वाद्यं सुटी सुटी दिसतात, बेस घट्ट होतो. हे काही व्होल्ट-अँपिअरमध्ये येत नाही.


कानसेन:

@तानपुरा_चालू, येतं. दोन मार्गांनी. पहिला, अ‍ॅम्प लावल्यावर आवाज थोडासा मोठा असतो. अर्धा-पाऊण डीबी वाढ ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘मोकळा’ म्हणून कळते. तुलना करायची तर हेडफोन जोडलेले ठेवून वाय स्प्लिटरवर मीटर लावा आणि ६० हर्ट्‌झच्या सुरावर दोन्ही जोडण्यांचं व्होल्टेज जुळवा. ०.१ डीबी म्हणजे १.२ टक्के, म्हणजे एक ०.५०० असेल तर दुसरा ०.४९४ ते ०.५०६ मध्ये हवा. कानाने जुळवलं तर जुळत नाही. मग कुणीतरी दुसऱ्याने केबल बदलायची आणि तुम्ही न बघता ओळखायचं.

दुसरा मार्ग खरोखर आवाज बदलतो, तो म्हणजे वर सांगितलेला आउटपुट इम्पीडन्स. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे हेडफोन १०० हर्ट्‌झच्या आसपास ५०० ओहमपर्यंत चढतात. १२० ओहमच्या स्रोतावर तिथे जवळजवळ १ डीबी जास्त बेस मिळतो. तो आवडणं हा आवडीचा भाग झाला. पण तो आवडत असेल तर इक्वलायझरची एक पट्टी तेच काम करते.


अर्धमात्रा:

सगळ्यांचे आभार. मोजलं. रिकामं ०.२०० व्होल्ट, ३३ ओहम लावल्यावर ०.१७३. म्हणजे ५.१ ओहम. नॉब शून्यावर असतानाही सळसळ आहे. भुणभुण पहिल्या प्रकारची निघाली, फोन आणि अ‍ॅम्प एकाच दोन तोंडी चार्जरला होते.

शेवटचा प्रश्न: अ‍ॅम्पला ४.४ मिमीचं बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाला स्वतंत्र धन-ऋण तारा देणारं) आउटपुटही आहे. एक ४.४ ते ३.५ अ‍ॅडॉप्टर घेऊन डीटी ९९० तिथे लावू का? जोर जास्त मिळेल म्हणतात.


सोल्डर_आणि_शिसं:

नको! असा अ‍ॅडॉप्टर डाव्याचा ऋण आणि उजव्याचा ऋण एकत्र बांधतो. बॅलन्स्ड अ‍ॅम्पमध्ये ते ग्राउंड नसतात, दोन स्वतंत्र अ‍ॅम्पची चालती आउटपुटं असतात. ती एकमेकांवर आपटतात आणि चिप गरम होऊन जाऊ शकते. उलटा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे बॅलन्स्ड केबलचे हेडफोन साध्या ३.५ मध्ये लावणारा, निर्धोक आहे. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून घेताना नर कुठला आणि मादी कुठली ते नीट बघा.

डीटी ९९० प्रोची केबल कायमची जोडलेली आणि एकाच बाजूने जाणारी आहे, आतमध्ये ग्राउंड सामाईक. बॅलन्स्ड करायचं तर कप उघडून चार तारांची केबल टाकावी लागेल. बॅलन्स्डचा फायदा दुप्पट व्होल्टेज, म्हणजे ६ डीबी. तुमच्या ३ व्होल्टवर शिखर आधीच १११ ला आहे, त्याच्यापुढे कशाला जायचं? शिवाय बॅलन्स्डमध्ये आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो.

५.१ ओहमचा निकाल आयईएमपुरता सरळ आहे. ८ आणि ४० ओहमच्या त्याच उदाहरणात हा अ‍ॅम्प ३.३ डीबींचा उतार देतो. आयईएमला ०.१२६ व्होल्ट पुरतात आणि डोंगल १ व्होल्ट देतोय. आयईएम थेट डोंगलला लावा, अ‍ॅम्प बॅगेत राहू द्या. डोंगलचा इम्पीडन्सही त्याच ३३ ओहमच्या रेझिस्टरने मोजून घ्या, १ ओहमच्या आसपास निघाला तर प्रश्न मिटला.


खटका:

+१. हाय गेनचं हे प्रकरण नवीन नाही. चू मोय यांचा पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसणारा, घरी जोडायचा हेडफोन अ‍ॅम्प सीमॉय आठवा: गेन ठरवणारे रेझिस्टर १० किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणजे गेन ११. आजच्या १ व्होल्टच्या डोंगलमागे तो लावला तर नॉब ८ वाजल्याच्या पुढे नेता येत नाही आणि चॅनेलचा तोल गेलेला. १ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहम टाकला की गेन ३ वर येतो, ९ व्होल्टच्या एका बॅटरीला झेपेल इतका. ऑब्जेक्टिव्ह२ या दुसऱ्या हेडफोन अ‍ॅम्पमध्ये तर नॉब गेनच्या नंतर येतो, त्यामुळे २ व्होल्टचा डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण) आणि ६.५ पट गेन लावलात तर आतच १३ व्होल्ट हवेत, शिखर १८ व्होल्टचं, आणि सप्लाय प्लस-मायनस १२. नॉब कितीही खाली असो, फाटलेलंच ऐकू येणार.

तुमच्या अ‍ॅम्पचा नॉब आधी आहे की नंतर, हे न उघडता कळतं. फोन पूर्ण चढवा, हाय गेन, डीटी ९९०, नॉब ९ वाजता. सिनेमाचं मोठं गाणं लावा. एवढ्या हळू आवाजातही थाप फाटत असेल तर नॉब नंतर आहे, फोन ७० टक्क्यांच्या वर नेऊ नका. स्वच्छ असेल तर नॉब आधी आहे आणि कानसेन यांचा शंभर टक्क्यांचा सल्ला जसाच्या तसा लागू.